वडिलांना पक्षाघात होऊन पाच महिने झाले, घरच्यांनी किती करायचं आणि त्यांना किती करू द्यायचं?

मोहाडीची_लेक

नमस्कार सगळ्यांना. बरेच दिवस नुसतं वाचतेय, आज पहिल्यांदा लिहितेय, लांबलं तर समजून घ्या.

माझे वडील, आम्ही नाना म्हणतो, वय ६३, मोहाडीला आमची द्राक्षबाग आहे. नोव्हेंबरमध्ये थिनिंग (घडातले जादा मणी कात्रीने काढणं) चालू असताना बागेतच पक्षाघाताचा झटका आला, सकाळी दहाच्या सुमारास. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. कामावरच्या बायकांना वाटलं चक्कर आली, कांदा फोडून हुंगवला, सावलीत झोपवलं, मग गावातले डॉक्टर, मग गाडी बघणं, असं करत नाशिकला पोचेपर्यंत चार वाजून गेले. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं हे आम्हाला कॅज्युअल्टीत उभं असताना कळलं. त्या तासांचा हिशोब मी अजून रोज रात्री करते पण तो आजचा विषय नाही.

आयसीयू, वॉर्ड, नाकात नळी, लघवीची पिशवी, सगळं झालं. आई-नानांना मी इंदिरानगरला माझ्याकडे आणलंय, तळमजला आहे म्हणून. नळी जानेवारीत निघाली. आता धरलं की उभे राहतात, चार पायांची काठी आणि बाजूला एक माणूस असेल तर हॉलमधून बाथरूमपर्यंत जातात. उजवा हात मात्र तसाच, बोटं मिटलेली. आणि बोलण्यात एकच शब्द आहे, "चला". भूक लागली तरी चला, नको असेल तरी चला, आईवर चिडले तरी चला. आयुष्यभर बागेत मजुरांना चला चला करून उठवलं, तोच तेवढा राहिलाय. समजतं बऱ्यापैकी, म्हणजे भाऊ फोनवर औषध फवारणीचं बोलला की कान देऊन ऐकतात.

आता अडचण. आई सगळं करते. भरवते, शर्ट घालते, दाढी करते, रात्री दोनदा उठून बघते. नानांनी डाव्या हाताने चमचा उचलला तर आईच्या तोंडून निघून जातं "अहो डाव्या हाताने कुठं", आणि नानांनाही ते मनातून पटलेलं नसतंच, ते चमचा लगेच खाली ठेवतात. फिजिओ म्हणतात त्यांचं त्यांना करू द्या. मी करू द्यायला गेले की एका जेवणाला पाऊण तास लागतो, सांडतं, नाना रडतात, आई माझ्याशी बोलत नाही. परवा शर्टाचं एक बटण लावा म्हटलं, एकच, वीस मिनिटं प्रयत्न केला, बटण काजाच्या कडेपर्यंत यायचं आणि निसटायचं, शेवटी शर्ट मुठीत धरून ओढला आणि ओक्साबोक्शी रडले. मी आत जाऊन बसले. आपण चांगलं करतोय की छळतोय हेच कळेना.

वरून जो येतो तो सांगतो सहा महिन्यांत जेवढं येईल तेवढंच, नंतर काही नाही. एप्रिल लागला, म्हणजे महिनाच उरला, त्यामुळे प्रत्येक दिवस वाया गेल्यासारखा वाटतो मला. एका काकांनी एका गावचं झाडपाल्याचं औषध सुचवलंय पण त्यांचं म्हणणं आधी डॉक्टरच्या गोळ्या बंद करायच्या.

तर विचारायचं हेच की ज्यांच्या घरी हे झालंय त्यांनी किती स्वतः केलं आणि किती पेशंटला करू दिलं? आणि सहा महिन्यांचं खरं आहे का?

—

जेलरोडची_सून

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि मला २०२१ मधलं आमचंच घर दिसलं. माझ्या सासूबाई, त्यांचीही उजवीच बाजू. आमच्याकडे डाव्या हाताचं प्रकरण तुमच्यापेक्षा अवघड होतं कारण त्या रोज देवपूजा करणाऱ्या, आणि डाव्या हाताने देवाला फूल वाहायचं नाही म्हणून देव्हाऱ्यासमोर बसायच्याच बंद झाल्या. तोंड फिरवून झोपून राहायच्या. दोन महिने मीच देव पुसले. आम्ही समजावून थकलो, शेवटी मी घरी नेहमी येणाऱ्या गुरुजींना फोन केला, म्हटलं आमचं ऐकत नाहीत, तुम्ही येऊन सांगा. ते आले, समोर पाटावर बसले आणि म्हणाले आजी, उजव्या तळहातावर फूल ठेवा आणि खालून डाव्या हाताने तो हात उचला, दोन्ही हातांनी वाहिलं म्हणजे झालं. बस. दुसऱ्या दिवसापासून त्या बसायला लागल्या. फिजिओला सांगितलं तर ती म्हणाली अहो हेच तर मी करून घ्यायचा प्रयत्न करत होते, अधू हात वापरात राहिला पाहिजे.

म्हणून सांगते, तुमचं बोलणं तुमच्या आईला पटणार नाही, ज्याचा शब्द त्या मानतात त्याच्याकडून बोलवून घ्या. आत्या, मामा, गावातलं कुणी मोठं माणूस.

जेवणाचं आम्ही असं केलं. डाव्या हाताने घास घ्यायचा नाही, चमच्याने खायचं, त्यामुळे मनाचा अडथळा थोडा कमी झाला. उभ्या काठाची खोलगट ताटली घेतली, सपाट ताटात घास चमच्यावर चढतच नाही, पळत राहतो. ताटलीखाली ओलं फडकं पसरायचं, ताटली सरकत नाही. पहिल्यांदा वरणभात वगैरे पातळ नको, मऊ खिचडी किंवा थालीपीठाचे छोटे तुकडे. आणि संडासात जेट स्प्रे डाव्या हाताला येईल असा प्लंबरकडून फिरवून घेतला, म्हणजे धुवायला हात लावावा लागत नाही. हे कुणी सांगत नाही पण डाव्या हाताची किळस त्यांना त्यामुळेच असते, तो प्रश्न सुटल्यावर चमचा धरायला लागल्या.

घास गिळताना ठसका लागतो का हे मात्र बघत राहा. नळी निघाली म्हणजे गिळणं पूर्ण सुधारलं असं नसतं. पूर्ण ताठ बसवूनच जेवायला द्यायचं, हनुवटी किंचित खाली, आणि जेवल्यावर अर्धा तास आडवं करायचं नाही. उजव्या गालात घास साठून राहतो आणि त्यांना कळतही नाही, जेवण झालं की बोट फिरवून बघायचं. सासूबाईंना एकदा यातूनच न्यूमोनिया झाला, आठ दिवस ॲडमिट. पाणी सगळ्यात जास्त लागतं घशाला, चहा पाणी अगदी घोट घोट.

आणि तुमच्या आईबद्दल. माझी कंबर गेली होती दुसऱ्या वर्षी, मणक्याचा एमआरआय काढेपर्यंत मी कुणाला सांगितलं नाही. मग नणंदेने दर रविवार घ्यायचा असं ठरलं, सकाळी आठ ते संध्याकाळी आठ ती, मी घरात थांबायचंच नाही. पहिले दोन रविवार मी नुसती गंगेवर (आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात) जाऊन बसून आले. आईंचं बीपी कधी तपासलंय शेवटचं? रात्रीच्या दोन वेळा उठण्यातली एक तरी वेळ तुम्ही नाहीतर भावाने घ्या.

—

लेखानगर_सिडको

माझं मत जरा वेगळं आहे. आमच्या वडिलांच्या वेळी मी कडक राहिलो. रडले तरी थांबलो नाही, रोज शंभर वेळा उठबस म्हणजे शंभर. आज ते एकटे जिन्याने खाली उतरतात. घरच्या बायका माया करून पेशंटला बसवून ठेवतात असं मला स्पष्ट वाटतं, राग मानू नका.

गोळ्यांचं मात्र हात जोडून सांगतो. माझ्या सख्ख्या मावसभावाने असंच कुठल्यातरी औषधासाठी बीपीची आणि रक्त पातळ करायची गोळी बंद केली. अडीच महिन्यांत दुसरा झटका. पहिल्यातून चालत होता, दुसऱ्यातून उठला नाही. काकांना चहा पाजा, नमस्कार करा, पण गोळी एक दिवसही चुकवू नका.

—

फिजिओ_गंगापूररोड

मी न्यूरो फिजिओथेरपिस्ट आहे, पेशंट न बघता नेमकं सांगणं बरोबर नाही म्हणून सर्वसाधारण लिहितो.

आधी सहा महिन्यांचं. सुधारणेचा वेग पहिल्या तीन ते सहा महिन्यांत सगळ्यात जास्त असतो हे खरं आहे. मेंदूची सूज उतरते, आजूबाजूचा भाग कामं वाटून घ्यायला लागतो. नंतर वेग मंदावतो. मंदावतो म्हणजे बंद होतो असं नाही, आमच्याकडे दीड दोन वर्षांनी हाताच्या कामात फरक पडलेले पेशंट आहेत, बोलण्यात तर त्याहून उशिरापर्यंत फरक पडत राहतो. लोक "सहा महिने" ऐकतात आणि सातव्या महिन्यात फिजिओ बंद करतात, मग सांधे आवळतात आणि आलेलंही जातं. ताई, महिनाच उरलाय हे डोक्यातून काढा, तुमच्या घाईचा ताण नानांपर्यंत पोचतोय.

आता किती करू द्यायचं. लेखानगरच्या दादांचं शंभर उठबस त्यांच्या वडिलांना लागू पडलं कारण ते काम त्यांना जमणारं होतं, फक्त जास्त वेळा करायचं होतं. बटणाचं तसं नाही. एका हाताने, तेही ज्याची सवय नाही अशा हाताने बटण लावणं हे तुम्ही स्वतः करून बघा आज. पाच महिन्यांच्या पेशंटला ते पूर्ण काम म्हणून देऊ नये. आम्ही उलट्या टोकाने शिकवतो. सगळी बटणं तुम्ही लावा, शेवटचं अर्धं काजातून बाहेर काढून ठेवा, नानांनी फक्त ओढायचं. आठ दिवसांनी त्याच्या आधीची पायरी त्यांच्याकडे. म्हणजे रोज काम पूर्ण होतं ते त्यांच्या हाताने होतं, निसटणं त्यांच्या वाट्याला येत नाही. शर्ट घालताना अधू हात आधी बाहीत, काढताना चांगला हात आधी बाहेर, एवढ्याने निम्मा त्रास वाचतो.

जेवणात उलट करा. सुरुवातीचे पाच सहा घास त्यांचे, तेव्हा भूक असते आणि अंगात ताकद असते, मग उरलेलं आईंनी भरवायचं. पाऊण तास ओढायचं नाही. स्ट्रोकनंतर येणारा थकवा आपल्याला कल्पना येणार नाही इतका असतो, नुसतं दात घासून माणूस झोपतो. दिवसातून दोन कामं त्यांची ठरवा, सकाळच्या वेळेतली, बाकीची बिनदिक्कत तुम्ही करा, त्यात काही चुकत नाही.

काही गोष्टी धोक्याच्या म्हणून सांगतो. उठवताना उजव्या हाताला धरून किंवा काखेत हात घालून ओढू नका, खांदा निखळतो आणि एकदा तो दुखायला लागला की पेशंट सगळ्याच व्यायामाला नाही म्हणतो. कमरेच्या पट्ट्याला धरून उठवा. त्या बाजूला गरम पाण्याची पिशवी, विटेचा शेक असलं काही नको, जाणीव कमी असते, भाजलेलं कळत नाही, फोड आल्यावर घरच्यांना कळतं. बोटं आधीच मिटलेली असतील तर चेंडू दाबायला देऊ नका, आपल्याला बोटं उघडायची आहेत, मूठ घट्ट करायची नाहीये. रोज हळूहळू उघडून ताणून ठेवा, फारच कडक होत असतील तर न्यूरोलॉजिस्टना विचारा, त्यासाठी गोळ्या असतात, इंजेक्शन असतं, रात्री हात उघडा ठेवणारी स्प्लिंट (आधाराची पट्टी) असते. काठी डाव्या हातात. पायरी चढताना डावा पाय आधी, उतरताना उजवा आधी.

आणि रडणं. हे कृपया डॉक्टरांना सांगा. यातलं काही नैराश्य असू शकतं, स्ट्रोकनंतर साधारण तीनात एका पेशंटला ते येतं, आणि काही वेळा मेंदूचा रडण्या-हसण्यावरचा ताबाच सुटलेला असतो. दोन्हीवर औषध आहे.

—

मोहाडीची_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार, मी तीनदा वाचलं सगळं. जेलरोडच्या ताई, जेट स्प्रेचं आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं, आणि खरंच तेच असणार, कारण नाना चमचा उचलण्याआधी हात हुंगून बघतात. आज प्लंबरला बोलावलंय.

आईला माझ्या आत्याकडून फोन करवला. आत्या नानांची थोरली बहीण, आई तिच्यापुढे कधी बोलत नाही. आत्या म्हणाली वहिनी, तो लहानपणी डावराच होता, आमच्या आईने मारून मारून उजवा केला. हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं! आई बराच वेळ गप्प होती.

बोलण्याचं कुणी सांगेल का? स्पीच थेरपिस्ट आठवड्यातून दोनदा येतात, चित्रं दाखवतात, पण नाना चित्राचं पान उलटं करून ठेवतात.

—

सातपूरचा_फिटर

मी स्वतः पेशंट. झटका २०१९. वय तेव्हा ५१. कंपनीत फिटर होतो. ही पोस्ट लिहायला दोन दिवस लागले. मुलगी शब्द तपासते. वाक्यं माझी.

मला वर्षभर दोन शब्द येत होते. बाकी सगळं आत होतं. शब्द दिसतो. तोंडातून दुसराच पडतो. पाणी पाहिजे, तोंडातून पडतं पाना. कळतं की चुकलं. म्हणून राग येतो. लोकांवर नाही. तोंडावर.

चित्रं. मला पण राग यायचा. केळं, कप, बॉल. मी बालवाडीत नाही. मग थेरपिस्टने माझी हत्यारं आणायला सांगितली. पाना, पकड, कानस, व्हर्नियर. ती टेबलावर मांडली. मी बसलो. कानस हा शब्द त्या दिवशी आला. पहिला. नानांना केळं दाखवू नका. बागेतलं दाखवा.

आणखी. मोठ्याने बोलू नका. मी बहिरा नाही. एका वेळी एक प्रश्न. चहा की कॉफी की दूध असं नको. चहा? थांबा. मनात दहा मोजा. मग दुसरं. टीव्ही बंद. दोन माणसं एकदम बोलली की सगळं आवाज होतं.

माझं वाक्य पुरं करू नका. घाई असेल तर विचारा, मी सांगू का. मी मान हलवतो.

माझ्यासमोर "ह्यांना आता काही कळत नाही" म्हणालेले पाहुणे. सगळे आठवतात. नाव घेऊन.

हो आणि नाही माझं उलटं व्हायचं. हो म्हणायचो, पाहिजे असायचं नाही. मग अंगठा वर, अंगठा खाली. ते चुकत नाही. नानांचा डावा अंगठा चालतो.

रडू मला पण यायचं. दुःख नसताना. बातम्या बघताना. गोळी दिली. कमी झालं.

भजन म्हणायचे का नाना? मला बोलता येत नव्हतं तेव्हा आरती येत होती. पूर्ण. बायको घाबरली. एक ते वीस आकडे पण ओळीने येतात. मधला एकटा सात विचारला तर नाही येत. ओळीने येतो.

तिसऱ्या वर्षी धाकट्या भावाचं नाव आलं. फोनवर. तो गाडी बाजूला लावून थांबला.

—

फिजिओ_गंगापूररोड

दादा, तुमची पोस्ट मी आमच्या विद्यार्थ्यांना वाचून दाखवणार आहे, परवानगी असेल तर.

गाण्याबद्दल थोडं. ओळीने पाठ असलेलं आणि चालीत बसलेलं मेंदू वेगळ्या वाटेने काढतो, त्यामुळे ते शिल्लक राहतं. आरती आली म्हणजे बोलणं आलं असं नाही, घरच्यांची इथे फार निराशा होते. पण त्या वाटेचा उपयोग करून घेता येतो, छोटी वाक्यं चालीत म्हणून घ्यायची थेरपीची पद्धत आहे, डाव्या हाताने मांडीवर ठेका देत. तुमच्या स्पीच थेरपिस्टना विचारा, त्यांना माहीत असतं.

—

बँकेत_नोकरीला

आजाराबद्दल सगळ्यांनी सांगितलंय, मी कागदपत्रांचं सांगतो कारण काउंटरवर रोज बघतो.

नानांची सही होत नसेल तर कुणी सांगेल खातं बंद करा, कोर्टातून आणा, घाबरू नका. आजारी, वयस्कर खातेदारांसाठी रिझर्व्ह बँकेच्याच सूचना आहेत, अंगठ्याचा ठसा चालतो, हाताचा नाही जमला तर पायाच्या अंगठ्याचाही चालतो, दोन साक्षीदार लागतात आणि त्यातला एक बँकेचा जबाबदार माणूस असावा लागतो. शाखेत जाऊन लेखी अर्ज द्या. पण हे काय चाललंय ते नानांना समजलं पाहिजे, फिटर दादा म्हणाले तसं अंगठा वर करून हो म्हणवून घ्या, त्यांच्या पैशाचं त्यांना न विचारता करू नका.

दुसरं, दिव्यांग प्रमाणपत्र. यूडीआयडीच्या (दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राच्या) पोर्टलवर अर्ज भरायचा, तपासणी सिव्हिल हॉस्पिटलला. स्ट्रोकचं साधारण सहा महिने झाल्यावर तपासतात त्यामुळे आता अर्जाची तयारी करा. २०१६ च्या कायद्यात हातापायाच्या अपंगत्वाबरोबर वाचा आणि भाषेचंही आहे, लोक फक्त हातपाय दाखवून येतात, बोलणं गेल्याचे स्पीच थेरपिस्टचे रिपोर्ट पण जोडा. ४० टक्क्यांच्या वर असेल तर एसटीला सवलत मिळते, आणि तुम्ही किंवा भाऊ जुन्या करपद्धतीत असाल तर अवलंबून असलेल्या दिव्यांग पालकासाठी ७५ हजारांची वजावट आहे, ८० टक्के किंवा जास्त असेल तर १ लाख २५ हजार.

—

मोहाडीची_लेक

तीन आठवडे झाले, कळवायचं राहून गेलं.

डॉक्टरांना रडण्याचं सांगितलं, त्यांनी एक गोळी वाढवली, म्हणाले फरक दिसायला अजून काही आठवडे लागतील. काकांना नाही म्हणून सांगितलं, ते रुसलेत.

चित्रांची पानं बंद. भावाने बागेतून एक डबा भरून आणला, छाटणीची कात्री, थिनिंगची छोटी कात्री, सुतळी, ठिबकचा तुकडा, एक वाळका घड, द्राक्षाची काडी. नानांनी थिनिंगची कात्री डाव्या हातात घेतली, ती उजव्या हाताची असते ना, पातं उलटं पडतं, तर त्यांनी ती फिरवून फिरवून बघितली, मग माझ्याकडे दिली आणि अंगठा खाली. शब्द नाही आला. पण पान उलटं करून ठेवलं नाही, अर्धा तास त्या डब्यापाशी बसले.

एकादशीला गावच्या मंडळातले चौघे टाळ घेऊन आले होते, मीच बोलावलं होतं. पहिल्या अभंगाला नाना नुसते बघत होते. दुसऱ्याला धृपदाला आवाज लागला. शब्द पुसट होते पण जागच्या जागी होते, आणि डावा हात मांडीवर. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, तिने पदर तोंडाला लावला आणि आत गेली. नंतर मी नानांना विचारलं पाणी हवं का, तर म्हणाले चला. तुम्ही आधी सांगून ठेवलं होतं म्हणून मी मनाची तयारी करून होते, तरी थोडं लागलंच.

जेवणात सहा घास त्यांचे, मग आई. सुरुवातीला आई घास मोजायची, सहा झाले की लगेच हात पुढे. काल मात्र सात झाले आठ झाले तरी बसून राहिली, नऊ झाल्यावर त्यांनीच ताटली तिच्याकडे सरकवली. बटण शेवटचं ओढतात, त्याच्या आधीची पायरी अजून नाही. रविवारी आत्या येते आणि आईला तिच्या भावाकडे पंचवटीत पाठवतो, पहिल्या रविवारी चार वेळा फोन आला तिचा, दुसऱ्या रविवारी एकदा.

आणि मोहाडीला जाऊन आलो. खरड छाटणी (द्राक्ष निघाल्यावरची उन्हाळी छाटणी) चालू आहे, भाऊ म्हणाला घेऊनच ये. ऊन फार म्हणून सकाळी सहाला निघालो. मांडवाखाली खुर्ची टाकली, नाना बसले. पोरं काडी कापत होती तिकडे बघत होते आणि एकदम काठी उचलून एका वेलाकडे दाखवायला लागले, चला, चला, चिडून. भावाला कळेना. मग त्याने कापलेली काडी आणून हातात दिली तर नानांनी डाव्या अंगठ्याच्या नखाने काडीवरच्या डोळ्याच्या (कोंब फुटतो त्या जागेच्या) वर खूण केली, इथून. पोरं लांब ठेवत होती काडी. भावाने सगळ्यांना थांबवून परत दाखवलं. नऊ वाजेपर्यंत नाना तिथे होते, घरी आल्यावर दुपारी झोपले ते दुसऱ्या दिवशी उशिरा उठले, इतके थकले. आता पंधरा दिवसांतून एकदा न्यायचं ठरवलंय, दोन तासच.

फिजिओ सर, एकच विचारायचं, गाडीत बसवताना त्यांचा उजवा पाय दारात अडकतो आणि वाकता वाकता तोल जातो. आधी पाय आत घ्यायचा की कसं?

—

फिजिओ_गंगापूररोड

पाय आधी नाही. पुढची सीट पूर्ण मागे घ्या. नानांची पाठ सीटकडे करून उभं करा, सीटची कड पायांना मागून लागली पाहिजे, मग खाली बसवा, डोकं दाराच्या वरच्या कडेला आपटू नये म्हणून तुमचा हात तिथे ठेवा. नीट बसले की दोन्ही पाय एकत्र धरून आत फिरवा. सीटवर प्लास्टिकची पिशवी पसरली तर फिरायला सोपं जातं, गाडी निघायच्या आधी ती काढून घ्या, नाहीतर ब्रेकला घसरतील.